आरसा नदारद

हर्षदीपने चांगला चालता कॅमेरा विकून बिनआरशाचा कॅमेरा का घेतला, याबद्दल गुडीहत्नूरच्या त्या गल्लीत दोन मतं होती. समोरचे किराणावाले चंपतराव म्हणत, शिक्षकांना सुट्या फार असतात. हर्षदीपची बायको मैत्री म्हणे, तिशी उलटली की प्रत्येक नवऱ्याला काहीतरी होतंच, कुणाला दारू लागते, कुणाला पक्षी दिसायला लागतात. आपल्याला पक्षीवाला मिळाला, एवढंच.

खरं कारण ताराबाईंचे डोळे हे होतं.

ताराबाई हर्षदीपची आई. साठी ओलांडली तरी त्यांचा डोळे उघडे असलेला एकही फोटो घरात नव्हता. लेकीच्या, प्रणिताच्या, लग्नाच्या अल्बममध्ये त्या बेचाळीस फोटोंत होत्या आणि बेचाळिसांतही डोळे मिटून होत्या. अल्बम पाहणाऱ्याला वाटावं, हे लग्न या बाईंच्या स्वप्नात लागलं असावं. आधार कार्डावर मात्र डोळे टक्क उघडे होते. पण तो फोटो ताराबाईंचा आहे असं फक्त सरकार मानत होतं.

याचं मूळ मंचेरियलकडे होतं. ताराबाई तिकडच्या, कोळशाच्या उघड्या खाणीशेजारच्या वस्तीत वाढलेल्या. आधी भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचा, मग सगळ्या वस्तीवर धूळ बसायची. भोंगा झाला की अंग आवळायचं आणि 'धड' झालं की डोळे मिटायचे, हे त्यांना चालायला शिकण्याच्या आधी शिकवलं गेलं होतं. पुढे लग्न होऊन त्या खाणीपासून लांब आल्या, पण डोळे आलेच नाहीत. ते तिकडेच नोकरीला राहिले. कॅमेऱ्याने नुसतं 'खट्' केलं की हजर.

आता कॅमेऱ्याच्या पोटातली एक गोष्ट सांगणं भाग आहे. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो. बटण दाबलं की आधी तो आरसा उडतो, त्याचा आवाज होतो, आणि मग फोटो निघतो. या दोन्हींच्या मध्ये बारीकशी फट असते. जगातल्या कुठल्याही माणसाला त्या फटीत काही करता येत नाही. ताराबाई त्या फटीत डोळे मिटून घेत.

"मोबाइलनं काढ ना मंग," चंपतराव म्हणाले होते. ते करून झालं होतं. ताराबाईंच्या लेखी मोबाइल म्हणजे प्रणिताचा व्हिडिओ कॉल. समोर मोबाइल धरला की त्या पुढे झुकत, थेट नाक काचेला लागेपर्यंत, आणि विचारत, "प्रणे, जेवली का?" हर्षदीपच्या मोबाइलमध्ये त्यांच्या कपाळाचे एकशे सहा फोटो होते.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मागच्या दिवाळीत ताराबाईंच्या पायांवर सूज आली आणि जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलंय. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हर्षदीपने डॉक्टरांना विचारलं, किती दिवस. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

ताराबाईंनी ते चष्मा पुसणं पाहिलं. घरी येताना रिक्षातच त्या म्हणाल्या, "हर्षा, माया फोटो लागन ना आता भितीवर."

"असं काऊन बोलून राह्यली आई?"

"लागनच. पण डोये मिटलेला लावजो नको. लोक मनतीन, हे बाई जनमभर झोपूनच होती."

बाई जन्मभर झोपल्याच नव्हत्या. पहाटे चारला उठून दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेल्या, त्या मजुरीवर एक शिक्षक आणि एक नर्स तयार झाली. हर्षदीपने त्या संध्याकाळी इंटरनेटवर शोध घेतला. 'आवाज न करणारा कॅमेरा'. उत्तर एकच आलं. मिररलेस.

जुना कॅमेरा बसस्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्या अमरने घेतला. नवा यायचा होता कुरियरने. तो गुडीहत्नूरऐवजी नेरडीगोंड्याला गेला, तिथे तीन दिवस राहिला आणि पाहुण्यासारखा चौथ्या दिवशी आला. तोवर गल्लीला खबर लागली होती.

"मिररलेस मनजे?" चंपतरावांनी कुरियरवाल्याच्या देखत विचारलं.

"मनजे यात आरसा नाई, काका."

"पयले होता?"

"पयले होता."

"मंग काढला काऊन?"

"त्याची गरज नसते आता."

"गरज नाई तं एवढे वर्सं काऊन ठेवला होता?"

कुरियरवाला तेलुगू होता. त्याने चंपतरावांना समजावलं, "लेस अंटे लेदु. मिरर लेदु." चंपतरावांना तेलुगू चांगलं समजे. लेदु म्हणजे नाही. दुकानात तूरडाळ नसली की ते स्वतः तेच म्हणत. त्यांचा चेहरा पडला. सामान लेदु असताना गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेता येतात, हे तीस वर्षं दुकान चालवून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हर्षदीपचे वडील दौलतराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. निजाम जाऊन जमाना झाला, पण त्या कचेरीच्या कागदांतून तो अजून पूर्ण गेला नव्हता, आणि दौलतरावांच्या बोलण्यातूनही. त्यांनी खोका फोडू दिला नाही. आधी दोन पंच बसवले, चंपतराव आणि कुरियरवाला. मग वहीत फर्द, म्हणजे यादी, लिहिली: कॅमेरा एक अदद. पट्टा एक अदद. बॅटरी एक अदद. आरसा नदारद. खाली सगळ्यांच्या सह्या.

"बाबा, तो नसतोच त्यात," हर्षदीप म्हणाला.

"नसो. उद्या कुनी मनलं का तुमीच काढून घेतला, तं?"

हर्षदीपने सही केली.

पहिल्या दिवशी ताराबाईंना अंगणात खुर्चीवर बसवलं. निळं लुगडं, मैत्रीने विंचरून दिलेले केस. मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. नव्या कॅमेऱ्यात एक सोय होती, तो माणसाचा डोळा स्वतः शोधतो आणि त्यावर एक छोटा हिरवा चौकोन बसवतो. हर्षदीपने डोळा लावला. चौकोन आधी बाबासाहेबांच्या डोळ्यावर बसला. मग चंपतरावांच्या शेळीच्या. मग दुकानावरच्या बिस्किटाच्या जाहिरातीतल्या बाळाच्या. ताराबाईंवर आला तेव्हा तो बराच वेळ घुटमळला आणि शेवटी कानातल्या फुलावर जाऊन बसला. कारण डोळे नव्हतेच. ताराबाई सुरुंगाची वाट पाहत होत्या. अंग आवळलेलं, गाल फुगलेले, डोळ्यांच्या दोन बारीक चिरा. आवाज झाला की उरलेल्या चिरा मिटायच्या, एवढंच काम बाकी होतं.

हर्षदीपने बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे फोटो निघाला, पण झालं काहीच नाही. ताराबाई वाट पाहत राहिल्या. शेळीसुद्धा थांबली. मग त्यांनी दम सोडला, अंग सैल केलं, डोळे चांगले मोठे उघडले आणि विचारलं,

"काढला का?"

त्या दिवशी त्याने नव्वद फोटो काढले. ते दोन जातींचे होते. पहिल्या जातीत ताराबाई सुरुंगाची वाट पाहत होत्या. दुसऱ्या जातीत डोळे उघडे होते, सुंदर उघडे होते, आणि तोंडही उघडं होतं, कारण त्या विचारत होत्या, काढला का. हर्षदीपने अक्षरवार छाननी केली. 'का'ला जबडा खाली. 'ढ'ला जीभ वर. 'ला'ला दात. शेवटच्या 'का'ला पुन्हा जबडा. सैल होणं आणि विचारणं यांच्यामध्ये एखादी फट असेल, असं त्याला वाटत होतं. आरशाच्या वेळी होती तशी. पण ताराबाईंनी आयुष्यात कुठेच फट ठेवली नव्हती.

"आई, इचारू नको ना. निघते आपोआप."

"निघला हे मले कसं समजन?"

"नाई समजलं तरी चालते."

"वा. माया फोटो, अन् मलेच नाई समजनार."

मैत्रीने सुचवलं, त्यांना कळू न देता काढा. चूल, भाजी निवडणं, ओट्यावर गप्पा. पण ताराबाईंना कॅमेरा पाठीमागूनही कळत असे. त्या भांडी घासताघासता आवळत. राहीबाई, चंपतरावांच्या घरच्या, एकदा त्यांच्याशी बोलत होत्या. हर्षदीप हौदामागे दबा धरून होता. ताराबाई हसल्या, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चौकोन बरोब्बर डोळ्यावर. बटण दाबलं आणि कॅमेरा बंद पडला. या जातीचे कॅमेरे बॅटरी फार खातात. हे विकणाऱ्याने बारीक अक्षरांत लिहिलं होतं. हर्षदीप हौदामागे तसाच बसून राहिला. राहीबाईंनी त्याला पाहिलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "सार, तुमाले असं शोभत नाई."

फेब्रुवारी गेला. ताराबाईंचा चेहरा सुजू लागला, मग एकदम ओसरला आणि गालांची हाडं वर आली. आधी हर्षदीप म्हणत असे, पुढच्या रविवारी जमेल. आता तो रविवार मोजायला लागला होता.

दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीबाहेर पाटी होती. फोटो काढण्यास मनाई. तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत. दौलतरावांनी ती तिन्ही भाषांत वाचली आणि म्हणाले, "मराठीत नाई लिवलं. मनजे आपल्याले लागू नाई." तरी हर्षदीपने कधी कॅमेरा आत नेला नव्हता. पण मार्चमधल्या त्या मंगळवारी ताराबाई गाडीत बसतानाच म्हणाल्या, "आज ते बॅग घे संगं." त्याने घेतली.

मशीन सुरू झालं. ताराबाई उशीवर डोकं टेकून पडल्या होत्या. बाहेर कडुनिंबाला नवी पालवी होती आणि त्या तिकडे पाहत होत्या. पहिल्यांदाच त्या कशाचीच वाट पाहत नव्हत्या. हर्षदीपने पिशवीतून हळूच कॅमेरा काढला. आवाज नव्हता, चमक नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही कळलं नाही. चौकोन आला. इकडेतिकडे न फिरता थेट आईच्या डोळ्यावर बसला. त्याने दाबलं. आणि त्याच क्षणी ताराबाईंनी मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. कान हल्ली मंद झाल्यामुळे सगळी खोलीच बहिरी आहे असं त्या धरून चालत. त्या मोठ्याने म्हणाल्या,

"काढला का?"

दारातला वॉचमन आत आला. हिंदी बोलणारा असता तर निभावलं असतं. पण तो नेमका आपल्यातला निघाला.

"काय काढलं वो? ओ फोटोग्राफर, काय काढलं?"

पिशवीत परत जाणारा कॅमेरा त्याने वाटेतच धरला. दहा वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हाताला धरून व्हरांड्यातून नेलं जात होतं, आणि व्हरांड्यात त्याचे दोन माजी विद्यार्थी औषधांच्या रांगेत उभे होते. त्यांनी अदबीने नमस्कार केला.

ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "पेपरवाले का?"

"नाही. शिक्षक आहे."

"शिक्षकाजवळ एवढा कॅमेरा कायले?"

"हौस आहे."

"लिहून देऊ शकता?"

"देतो."

"तुमचं नाही चालत. सरकारी शिक्क्याचा दाखला आणा, की हा माणूस हौशी आहे म्हणून. मग घेऊन जा."

कॅमेरा कपाटात गेला. कपाटाची किल्ली ज्या बाईंकडे होती त्या दुसऱ्या दिवसापासून सर्व्हेच्या ड्यूटीवर जाणार होत्या.

दौलतराव या कामाला स्वतः निघाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. रात्रभर डोक्यात घोळवलेली दरखास्त सकाळी उतरवली: 'दरखास्तगुजाराचा मुलगा हौशी असून त्याचे हौशीबाबत कोणताही उजर नाही.' उजर म्हणजे हरकत. कचेरीत त्यांचे जुने सोबती भेटले. चहा आला. पण तिथे दाखले जातीचे होते, उत्पन्नाचे होते, राहण्याचे होते, अगदी माणूस जिवंत असल्याचाही होता. हौसेचा नव्हता. ऑनलाइन अर्जाच्या केंद्रातल्या मुलीने यादी दोनदा वरखाली केली आणि म्हणाली, "तात्या, हौस कोणत्या खात्यात येते?"

बुधवारी महसूल खात्यात पाहिलं. गुरुवारी शिक्षण खात्यात. शुक्रवारी शेवटी एका जुन्या सोबत्याने रहिवासी दाखल्यावर पेनाने 'व हौशी' असे दोन शब्द घातले आणि वर शिक्का मारला. दौलतराव तो दाखला शर्टाच्या आतल्या खिशात घालून, घडी न मोडता, बसने घरी आले.

ताराबाई त्या दुपारी गेल्या. झोपेत. राहीबाई म्हणाल्या, डोळे मिटूनच होत्या.

सोमवारी हर्षदीप एकटाच दवाखान्यात गेला. दाखला कुणी वाचला नाही. सर्व्हेहून परतलेल्या किल्लीवाल्या बाईंनी वही पुढे केली, 'वस्तू चालू स्थितीत मिळाली.' त्याने लिहून दिलं. वॉचमन जिन्यापर्यंत मागे आला आणि म्हणाला, "सार, मले नोतं माहीत." हर्षदीप म्हणाला, "तुमची ड्यूटी होती." ते खरं होतं, म्हणून दोघांनाही त्याचा काही उपयोग झाला नाही.

गेलेल्या माणसाच्या जलदानाच्या कार्यक्रमाला फ्लेक्स लागतो. अमरने न विचारताच कामाला सुरुवात केली होती. प्रणिताच्या लग्नातला एक फोटो घेऊन तो कॉम्प्युटरवर बसला होता, आणि पडद्यावर दुसराच एक कप्पा उघडा होता. कप्प्याचं नाव होतं 'लेडीज डोळे'.

"पन्नास-साठ जोड्या हायत, सार," तो समजुतीच्या आवाजात म्हणाला. "डोये मिटलेले लई येतात आपल्याकडं. यातले शांत पायजेत का पाणीदार?"

हर्षदीपने खिशातून मेमरी कार्ड काढून दिलं. शेवटचा फोटो उघडला. दवाखान्याची उशी, खिडकीचा उजेड. ताराबाई थेट समोर पाहत होत्या. डोळे पूर्ण उघडे, त्यांत खिडकीची बारीक चौकट आणि तिच्यापुढे कॅमेरा धरलेला एक काळा ठिपका. ओठ जरासे विलग, पहिल्या अक्षराशी.

अमर खुर्चीत मागे रेलला. "डोये भारी आले, सार. असे तं कप्प्यात बी नाई." मग तो पुन्हा पुढे झुकला. "फक्त तोंड उघडं हाय. बंद करून टाकू का? ओठांचा बी कप्पा हाय."

हर्षदीपने पडद्याकडे पाहिलं. मग त्याने अमरचा माउसवरचा हात बाजूला केला.

"राहू दे," तो म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी फ्लेक्स अंगणात मंडपाच्या तोंडाशीच लागला. येणाऱ्या प्रत्येकाला आधी ताराबाई दिसत, आणि त्या काहीतरी विचारत असत. मांडणी अशी काही जमून आली होती, की कुणालाही न थांबता पुढे जाता येईना. राहीबाई पदराला हात पुसत आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "हो वो, आताच आली. घरचं आवरूनच आली." प्रणिता सासरहून, मंचेरियलहून, आली ती बॅग खाली न ठेवता म्हणाली, "जेवली, आई. गाडीतच जेवली." नंतर ती मैत्रीच्या गळ्यात पडली. चंपतरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात फोटोला सांगितलं, की दुकान बरं चाललंय. वॉचमनसुद्धा आला होता. तो चपला काढून बराच वेळ उभा राहिला आणि फक्त मान हलवून बसला.

जेवणाच्या पंगतीत चंपतरावांनी हर्षदीपला गाठलं. "सार, इचारत काय होती वो ताराबाई? तुमी होते ना तिथं."

"लक्षात नाही काका," हर्षदीप म्हणाला आणि वरणाची बादली घेऊन पुढच्या ओळीत गेला.

ऊन कलल्यावर मंडपवाले कापड सोडायला लागले. पाहुणे गेले होते. प्रणिता आणि मैत्री आत भांडी लावत होत्या. हर्षदीप खुर्च्या एकात एक घालत होता. तेव्हा त्याला वडिलांचा आवाज आला. दौलतराव फ्लेक्ससमोर एकटेच उभे होते, हात मागे बांधून, साहेबापुढे उभं राहावं तसे.

"घेतली," ते म्हणत होते. "सकायची बी घेतली."

रक्तदाबाची गोळी. ती चुकवायची त्यांची जुनी खोड होती आणि ती पकडायची ताराबाईंची. हर्षदीपला माहीत होतं, शुक्रवारपासूनची पट्टी तशीच कपाटावर पडून होती. तो आत गेला, पट्टीतून एक गोळी फोडली, तांब्यातून पेला भरला आणि बाहेर येऊन वडिलांच्या हाताशी धरला.

दौलतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गोळी तोंडात टाकली. पाण्याचा घोट घेतला. मग फ्लेक्सकडे मान वर करून, तोंड चांगलं मोठं उघडून, जीभ उचलून त्यांनी तिला दाखवलं.